प्रज्ञावंत मुलांची विषम प्रगती

प्रज्ञावंत मूल सगळ्याच विषयांत सारखे पुढे असते, ही समजूत शाळांत आणि घरांत खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात अशी चौफेर झेप घेणारी मुले थोडी असतात. चौथीत असताना आठवीच्या बीजगणिताची उदाहरणे तोंडी सोडवणाऱ्या मुलाचा निबंध चौथीच्याच, कधी तर तिसरीच्या पातळीचा असतो. सात वर्षांची एखादी मुलगी मोठ्यांच्या कादंबऱ्या वाचते, पण हातच्याची वजाबाकी करताना अडखळते. कुणी विज्ञानातले कार्यकारण नेमके उलगडून सांगतो आणि इतिहासाच्या सनावळ्यांपुढे हात टेकतो. अशा मुलांच्या वाट्याला येणारे शेरेही ठरलेले असतात: ‘हुशार आहे, पण आळशी आहे’, किंवा ‘हुशार वाटतो, पण तेवढा नाही’. दोन्ही शेऱ्यांमागचे गृहीतक एकच. बुद्धी असेल तर ती सगळीकडे सारखीच दिसली पाहिजे, आणि कुठे दिसली नाही तर दोष मुलाच्या प्रयत्नांत तरी असला पाहिजे किंवा बुद्धीत तरी. शंभर वर्षांच्या संशोधनापुढे हे गृहीतक टिकलेले नाही. बुद्धीची पातळी जितकी वर, तितकी विषयाविषयांतली तफावत मोठी असण्याचा संभव अधिक.

न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात शिकवणाऱ्या लेटा हॉलिंगवर्थ यांनी १९२३ मध्येच विशेष कौशल्ये आणि विशेष उणिवा या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. वाचन, गणित, चित्रकला, संगीत यांतली गती सर्वसाधारण बुद्धीपासून किती वेगळी असू शकते, याची चर्चा त्यात आहे. एलन विनर या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये प्रज्ञावंत मुलांविषयीच्या भ्रामक समजुतींचा परामर्श घेतला, तेव्हा ‘सर्वविषयी प्रज्ञा’ ही समजूत त्यात अग्रभागी होती. मधल्या सात दशकांत विषय विस्मरणात गेला नव्हता. तरीही शाळांचे व्यवहार एका आकड्यावरच चालत राहिले.

तो आकडा कुठून आला, हे पाहणे उपयोगी आहे. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी चाचणी तयार केली. तिच्यातून आधी मानसिक वयाची आणि पुढे बुद्धिगुणांकाची कल्पना निघाली. भारतात हे काम लवकर सुरू झाले. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने चाचणीचे कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर केले. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही वापरात आहे. अशा चाचणीतून निघणारा एकच गुणांक सोयीचा असतो. पण तो सरासरीसारखा आहे, आणि सरासरी दोन अगदी वेगळ्या मुलांना एकाच रांगेत बसवते. सगळ्या प्रकारांत १३० मिळवणारे मूल आणि निम्म्या प्रकारांत १५०, निम्म्यांत ११० मिळवणारे मूल यांचा शेवटचा आकडा जवळपास सारखा येईल. वर्गात मात्र दोघांच्या गरजा पूर्ण निराळ्या असतील.

आकड्यात बसणारे निवडले की न बसणारे सुटतात. याचे प्रसिद्ध उदाहरण लुईस टर्मन यांच्या अभ्यासातले आहे. १९२१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात सुमारे १,५०० मुले निवडली. निवडीची पातळी साधारण १३५ बुद्धिगुणांकाच्या आसपास होती. विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ या दोन मुलांची चाचणी झाली, पण ती निवडीत बसली नाहीत. शॉकलींना १९५६ मध्ये आणि अल्वारेझांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टर्मन यांच्या चाचणीत भाषिक प्रश्नांचा भरणा मोठा होता. आकृत्या मनात फिरवणे, यंत्राची रचना डोळ्यांपुढे उभी करणे अशा अवकाशीय क्षमतेला तिच्यात फारसा वाव नव्हता. भौतिकशास्त्रज्ञाच्या घडणीत ही क्षमता कळीची असते.

डेव्हिड वेक्स्लर यांनी १९४९ मध्ये मुलांसाठी काढलेल्या चाचणीने हे चित्र बदलायला सुरुवात केली. तिच्यात शाब्दिक आणि कृतिप्रधान असे दोन भाग वेगळे मोजले जात. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये तिचे भारतीय रूप सिद्ध केले. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत आणि मार्गदर्शन केंद्रांत मुलांची चाचणी घेताना ‘मालिन’चा उल्लेख अजूनही होतो. वेक्स्लर चाचणीच्या पुढच्या आवृत्त्यांत भाषिक आकलन, दृश्य तर्क, कार्यकारी स्मृती आणि प्रक्रियेचा वेग असे स्वतंत्र निर्देशांक आले. प्रज्ञावंत मुलांच्या अहवालांत एक आकृतिबंध वारंवार दिसतो: भाषिक आकलन आणि तर्क खूप वर, स्मृती त्याखाली, आणि वेग बहुधा सगळ्यांत खाली, पुष्कळदा सरासरीच्याच आसपास. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या निर्देशांकांत २३ किंवा अधिक गुणांचे अंतर असेल, तर एकूण गुणांकावरून निष्कर्ष काढू नये, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. पालकांच्या हाती अहवाल पडतो तेव्हा त्यांचे डोळे आधी एकूण आकड्याकडे जातात. खरी माहिती मात्र त्याखालच्या ओळींत असते.

ही विषमता कशी निर्माण होते? पहिले कारण निव्वळ गणिती आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा, गणित आणि भाषा या दोन चाचण्यांतला सहसंबंध ०.६ आहे, म्हणजे एकीत पुढे असलेली मुले साधारणपणे दुसरीतही पुढे असतात, पण नेहमी नाही. दोन्ही चाचण्यांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ आहे. आता गणितात १४५ गुण मिळवणारी मुले निवडली, तर भाषेत त्यांची सरासरी १४५ येणार नाही. १०० च्या वरचे ४५ गुण ०.६ ने गुणले की २७ येतात. म्हणून ती १२७ च्या जवळपास येईल. शिवाय ही फक्त गटाची सरासरी झाली. त्यातले एखादे मूल १४० वर असेल, तर दुसरे ११० वर. हे दुसरे मूल भाषेत सरासरी मुलाहून पुढेच आहे. पण त्याच्या स्वतःच्या गणिताशी तुलना केली तर ३५ गुणांची दरी दिसते. गणितात १४५ च्या वर जाणारी मुले हजारात एखाद-दुसरीच असतात. एका विषयातल्या असाधारण गुणांवरून निवडलेले मूल दुसऱ्या विषयात त्याखाली असण्याचीच शक्यता मोठी असते. आळस, दुर्लक्ष, हट्ट यांपैकी काहीही नसताना ही दरी असू शकते.

दुसरे कारण बुद्धीच्या रचनेत शोधले गेले. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये सर्व बौद्धिक कामांमागे एक सामान्य घटक असल्याचे मांडले होते. त्याच स्पिअरमन यांनी १९२७ मध्ये नोंदवले, की बुद्धीची पातळी वाढते तसतसा या सामान्य घटकाचा प्रभाव उतरतो आणि वेगवेगळ्या क्षमता एकमेकींपासून सुट्या होत जातात. १९८९ मध्ये डग्लस डेटरमन आणि मार्क डॅनिएल यांना कमी गुणांकाच्या गटात चाचण्यांचे परस्परसंबंध घट्ट आणि वरच्या गटात सैल आढळले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम कमीअधिक निघाला आहे, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. दिशा मात्र शिक्षकांच्या अनुभवाशी जुळणारी आहे.

तिसरे कारण आवडीचे. एखाद्या विषयात ओढ लागलेले मूल त्या विषयाला तासन्‌तास देते, आणि तेवढे तास बाकीच्या विषयांतून वजा होतात. सुरुवातीचा थोडा फरक दरवर्षी वाढत जातो. चौथे कारण वयाचे आहे आणि प्राथमिक शाळेत तेच सर्वांत जास्त जाचते. आठ वर्षांच्या मुलाचा विचार बारा वर्षांच्या मुलासारखा धावत असला, तरी त्याचा हात आठ वर्षांचाच असतो. बोटांचे स्नायू, अक्षराचे वळण, लिहिण्याचा वेग हे सारे वयाप्रमाणेच वाढते. तोंडी विचारले तर हे मूल पाच मिनिटे सुसंगत बोलते. लिहायला सांगितले की तीन ओळींत आटोपते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ झाँ-शार्ल तेरासिए यांनी वाढीच्या वेगवेगळ्या अंगांतली ही विसंगती प्रज्ञावंत मुलांच्या संदर्भात १९७०च्या दशकापासून मांडली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने तर असमकालिक वाढ हीच प्रज्ञेची व्याख्या करावी, असे सुचवले. व्याख्या म्हणून ते सर्वांना पटले नाही, पण निरीक्षण म्हणून ते अचूक आहे.

श्रीनिवास रामानुजन यांची कहाणी या संदर्भात सहसा एका वाक्यात उरकली जाते. ती सविस्तर पाहिली तर जास्त शिकवते. १८८७ मध्ये ईरोड येथे जन्मलेला हा मुलगा कुंभकोणमला वाढला, आणि लहानपणी तो एकांगी मुळीच नव्हता. प्राथमिक परीक्षेत तो जिल्ह्यात पहिला आला. टाउन हायस्कूलमध्ये त्याने बक्षिसे मिळवली. पंधरा-सोळाव्या वर्षी जी. एस. कार यांचे हजारो सूत्रांचे संकलन त्याच्या हाती पडले आणि त्यानंतर गणिताखेरीज सगळे मागे सरले. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गेला. इंग्रजी निबंधात नापास झाल्याने ती शिष्यवृत्ती गेली. घर सोडून तो विशाखापट्टणमच्या दिशेने निघून गेला. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात दुसरा प्रयत्न झाला. तिथे गणितात उत्तम गुण आणि शरीरशास्त्रात अपयश असा निकाल लागला, आणि एफ. ए. ची परीक्षा दोनदा हुकली. पदवीचे दार बंद झाले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. त्यानंतर मद्रास विद्यापीठाने त्यांच्यासाठी महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती मंजूर केली. ज्या परीक्षापद्धतीने त्यांना बाहेर ठेवले, तिला वळसा घालूनच ही मदत पोहोचली. हार्डी यांनी पुढे लिहिले, की रामानुजन तरुण वयात गेले ही खरी शोकांतिका नव्हती. अपयशाच्या त्या पाच वर्षांत त्यांची प्रतिभा भलत्या वाटेला लागली, ही होती. रामानुजनांना शरीरशास्त्र यायला हवे होते की नाही, हा वाद बाजूला ठेवता येतो. शरीरशास्त्र न आल्यामुळे गणितही बंद होते, हा त्या व्यवस्थेचा दोष होता.

आइन्स्टाइन लहानपणी गणितात नापास झाले होते, ही गोष्ट तर निखालस खोटी आहे. घडले ते वेगळे. १८९५ मध्ये सोळाव्या वर्षी, म्हणजे नेहमीच्या वयाच्या आधीच, त्यांनी झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेशपरीक्षा दिली. गणित आणि भौतिकशास्त्रात ते चमकले, पण फ्रेंच आणि इतर सामान्य विषयांत कमी पडले. संस्थेने दार लावून घेतले नाही. आराऊच्या शाळेत एक वर्ष काढून यावे, असे सुचवले. पुढच्या वर्षी त्यांना प्रवेश मिळाला. शालान्त प्रमाणपत्रावर ६ पैकी गणितात ६ आणि फ्रेंचमध्ये ३ असे गुण होते. उणीव होती, ती पुरेशी भरून काढली गेली, आणि बलस्थान त्यासाठी अडकून पडले नाही.

याहून विचारपूर्वक वाट टेरेन्स ताओ यांच्या वाट्याला आली. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला जन्मलेल्या या मुलाची गणिती झेप इतकी असाधारण होती, की केन क्लेमेंट्स या गणितशिक्षण संशोधकांनी तो सात वर्षांचा असताना त्याची चाचणी घेतली आणि १९८४ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. लेखन मात्र त्याला जड जाई. घरात काय चालले आहे याची गोष्ट लिहायला सांगितली, तेव्हा त्याने खोल्याखोल्यांत फिरून वस्तूंच्या याद्या केल्या. शाळेने आणि पालकांनी त्याला एका फटक्यात सगळ्या विषयांत वर ढकलले नाही. तो माध्यमिक शाळेत लवकर गेला, पण प्रत्येक विषयासाठी वेगळ्या इयत्तेत बसला: गणितात सर्वांत वर, भाषेत बरेच खाली. नवव्या वर्षाच्या सुमारास त्याने विद्यापीठातल्या गणिताला सुरुवात केली, आणि उरलेली शाळा चालूच राहिली. १९८८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे सुवर्णपदक मिळवणारा सर्वांत लहान स्पर्धक ठरला. २००६ मध्ये ताओ यांना फील्ड्‌स पदक मिळाले. असा मुलगा हजारांत नव्हे, लाखांतही सापडत नाही. पण विषयागणिक इयत्ता ठरवण्याची युक्ती त्याच्यापुरती मर्यादित नाही.

मोठ्या संख्येने मुलांचा माग काढणारा अभ्यास ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुरू केला. त्यांच्यापुढची अडचण व्यावहारिक होती. बारा-तेरा वर्षांच्या हुशार मुलांना त्यांच्याच इयत्तेची प्रश्नपत्रिका दिली, तर बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि फरक कळत नाही. म्हणून त्यांनी महाविद्यालयीन प्रवेशासाठीची सॅट परीक्षा या लहान मुलांना दिली. कुणी गणितात दूर पुढे, कुणी भाषेत, कुणी दोन्हींत, हे तेव्हा स्पष्ट दिसले. आपल्याकडच्या गुणपत्रिकांनाही हे लागू पडते. गणितात ९८ आणि मराठीत ९१ पाहून मूल ‘सगळ्यांतच छान’ वाटते. इयत्तेच्या पातळीच्या पेपरने गणितातली खरी उंची मोजलेलीच नसते.

ग्रेगरी पार्क, डेव्हिड लुबिन्स्की आणि कॅमिला बेनबो यांनी या अभ्यासातल्या २,४०० हून अधिक व्यक्तींचा पंचवीस वर्षांनंतरचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तेराव्या वर्षी ज्यांचे पारडे गणिताकडे झुकले होते, त्यांच्या नावावर पुढे पेटंट आणि वैज्ञानिक लेख जास्त आढळले. भाषेकडे झुकलेल्यांच्या नावावर पुस्तके आणि मानव्यशास्त्रांतले काम जास्त होते. एकूण पातळी मुले किती पुढे जातील हे सांगत होती, आणि झुकाव ती कोणत्या बाजूला जातील हे सांगत होता. समतोल क्षमतेलाही आपला परिणाम असतो. मिंग-ते वांग, जॅकलिन एक्लस आणि सारा केनी यांच्या २०१३ च्या अभ्यासात गणित आणि भाषा दोन्हींत प्रबळ असलेल्या व्यक्ती विज्ञान-तंत्रज्ञानाकडे कमी वळलेल्या दिसल्या, आणि या दुहेरी गटात मुलींचे प्रमाण जास्त होते. गणितात हुशार मुलगी दुसरी वाट निवडते, तेव्हा तिला गणित झेपत नाही असा अर्थ घाईने काढला जातो. तिच्यापुढे वाटा अधिक असतात, ही शक्यता विचारातच घेतली जात नाही.

प्रत्येक दरी मात्र निरुपद्रवी नसते. काही मुलांत प्रखर बुद्धीबरोबर वाचन, लेखन किंवा अंकगणिताची खरी अध्ययन अक्षमता असते. ही मुले ओळखणे सर्वांत कठीण, कारण बुद्धी अक्षमतेला झाकते आणि अक्षमता बुद्धीला. संदर्भावरून शब्द ओळखून, ऐकलेले लक्षात ठेवून ते मूल वर्गाच्या मधोमध टिकून राहते. शिक्षकांना ते सामान्य वाटते. निदानासाठी इयत्तेपेक्षा दोन वर्षे मागे असण्याचा निकष लावला, तर नववीची कुवत असलेले पण पाचवीच्या पातळीवर वाचणारे सहावीतले मूल त्यात बसतच नाही. देवनागरीत आणखी एक पेच आहे. अक्षर आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा सरळ असल्याने असे मूल मराठी वाचते, पण सावकाश. चुका दिसतात त्या जोडाक्षरांत, वेलांटी-उकारांत. इंग्रजी सुरू झाल्यावर अडचण एकदम उघडी पडते आणि ‘इंग्रजी कच्चे’ म्हणून मुलाला शिकवणीला धाडले जाते. तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक, वाचल्यावर लवकर थकणे, कुटुंबात आणखी कुणाला तशीच अडचण असणे, या खुणा दिसल्या तर तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्रात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती १९९६ पासून मिळतात. जादा वेळ, लेखनिक, गणनयंत्र अशा त्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेशही झाला आहे. प्रज्ञावंत मुलालाही हे लागू आहे. ‘एवढा हुशार, त्याला कशाला सवलत?’ हा प्रश्न त्याच्यावर अन्याय करणारा आहे.

निदानापूर्वी माध्यमाचा विचारही व्हायला हवा. घरात मराठी किंवा अहिराणी, शाळेत इंग्रजी, आणि चाचणीही इंग्रजीत, अशा स्थितीत भाषिक गुण खाली येतात. ते मुलाचा भाषिक कमकुवतपणा दाखवतात की त्या भाषेचा सहवास कमी असल्याचे, हे घरच्या भाषेत चाचणी घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

शाळेच्या पातळीवरचा प्रश्न बेरजेचा आहे. महाराष्ट्रातल्या शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत प्रथम भाषा, गणित, तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी यांचे गुण एकत्र करून गुणवत्ता यादी लागते. समतोल मुलांसाठी ही पद्धत योग्य आहे. एका विषयात फार पुढे असलेले मूल तिच्यातून निसटू शकते, म्हणून त्याला विषयापुरती संधी दुसरीकडून मिळावी लागते. गणित ऑलिंपियाडची निवड एकाच विषयावर होते. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था शालेय मुलांना गणितातच पुढचे शिकवते. प्रज्ञावंत विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या ज्ञानप्रबोधिनीची स्थापना पुण्यातच १९६२ मध्ये झाली. भाषेत किंवा समाजशास्त्रांत दूर पुढे असलेल्या मुलांसाठी मात्र अशी ठिकाणे फार कमी आहेत. कथा लिहिणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीला वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांपलीकडे फारसे काही मिळत नाही, ही उणीव भरून निघायला हवी.

वर्गात करता येण्याजोगे पुष्कळ आहे. प्रबळ विषयात आधीच येत असलेला भाग चाचणी घेऊन वगळावा आणि त्या तासाला वरच्या इयत्तेचे काम द्यावे. शक्य तिथे मुलाला तेवढ्या तासापुरते वरच्या वर्गात बसवावे. पूर्ण इयत्ता ओलांडणे सर्व विषयांत पुढे असलेल्या मुलालाच मानवते. विषम प्रगतीच्या मुलासाठी विषयापुरती बढती बरी. लेखन मागे असेल तर ज्ञानाची परीक्षा तोंडी घ्यावी आणि लेखनाचा सराव वेगळा, थोडा-थोडा द्यावा. गणिताच्या उत्तरातल्या ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत. कच्च्या विषयाचा अभ्यास टाळता येत नाही, पण त्याचे लक्ष्य पुरेशी पातळी गाठणे एवढेच असावे. सर्वांत घातक उपाय म्हणजे भाषेत गुण वाढेपर्यंत गणिताचा वर्ग, बुद्धिबळ किंवा ग्रंथालय बंद करणे. मुलाला जे येते, ज्यातून त्याला स्वतःविषयी विश्वास वाटतो, तेच हिरावले जाते आणि कच्चा विषय शिक्षेशी जोडला जातो.

मुलाशी बोलतानाही विषयनिहाय बोलावे. ‘तू हुशार आहेस’ एवढेच ऐकत वाढलेले मूल एखादा विषय जड गेला की तो विषयच टाळू लागते, कारण अडखळणे म्हणजे हुशारी खोटी ठरणे असे त्याला वाटते. गणितात तू पुढच्या इयत्तेचे करतोस आणि लेखनात तुझ्या इयत्तेचे, हे त्याला सरळ सांगितले तर बहुतेक मुले ते सहज स्वीकारतात; त्यांनी ते आधीच ओळखलेले असते.

या दऱ्या कायम तशाच राहतात असे नाही. हाताच्या वेगामुळे पडलेला फरक बहुधा किशोरवयात, टंकलेखन येऊ लागल्यावर पुष्कळ कमी होतो. आवडीमुळे पडलेला फरक वाढतो किंवा आवड बदलली की उलटतो. अध्ययन अक्षमता राहते, पण योग्य शिकवणीने तिचा अडथळा घटतो. म्हणून तिसरीत काढलेल्या निष्कर्षावर दहावीनंतरची शाखा ठरवू नये. पाचवीच्या, आठवीच्या आणि दहावीच्या टप्प्यावर इयत्तेपेक्षा वरच्या पातळीच्या प्रश्नांनी पुन्हा मोजावे, आणि प्रत्येक विषयाची नोंद वेगळी ठेवावी.